निघायचे की राहायचे? – चक्रीवादळाआधीचा निर्णय

२ जून २०२० ची दुपार. अलिबाग तालुक्यातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती. उद्या ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्याला धडकणार, खाडीलगतच्या घरांतल्यांनी सायंकाळपर्यंत शाळेत जावे, असे सांगत होती. आमचे घर खाडीपासून दीडशे पावलांवर. घरात मी, पत्नी आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आई. मी आईला म्हणालो, निघू या. ती म्हणाली, ‘अठ्ठेचाळीसचं वादळ मी पाहिलंय, फयान पाहिलंय. या घराला काही झालं नाही. त्या शाळेत करोना घ्यायला मी यायची नाही. तुम्ही दोघं जा.’

आम्ही कोणीच गेलो नाही.

हे मुद्दाम आधी सांगतो, कारण त्या दिवसापर्यंत पंधरा वर्षे मी याच प्रश्नाच्या मागे होतो. वादळ येणार हे स्पष्ट कळल्यावरही माणसे घर का सोडत नाहीत? मी हवामानशास्त्रज्ञ नाही. पंप आणि मोटारी रिवाइंडिंगचे माझे दुकान आहे, शिक्षण आयटीआयपर्यंत. पण २००५ मध्ये भाचा अमेरिकेत एका वादळाच्या वाटेत सापडला, आणि तेव्हापासून सायबर कॅफेत बसून तिथल्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे अहवाल वाचायची सवय लागली. पुढे घरी इंटरनेट आले आणि सवयीचे वेड झाले. अटलांटिकमध्ये ज्याला हरिकेन म्हणतात तेच आपल्या समुद्रातले चक्रीवादळ. नावे वेगळी, यंत्रणा तीच. आणि त्याच्यापुढे माणसाच्या मनाची होणारी ओढाताणही तीच.

वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा

अमेरिकेत आपत्ती व्यवस्थापनात हे एक जुने सूत्र आहे. वाऱ्यापासून मजबूत घरात लपता येते, पाण्यापासून मात्र दूरच जावे लागते. पण वादळाची बातमी येते ती वाऱ्याच्या भाषेत. हर्बर्ट सॅफिर हे अभियंते आणि रॉबर्ट सिम्पसन हे हवामानतज्ज्ञ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलेली १ ते ५ ही श्रेणी वाऱ्याच्या वेगावर ठरते. ताशी २५२ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वारा म्हणजे पाचवी श्रेणी. ऐकणारा मनात हिशेब करतो, ‘तीनच ना? मग घर टिकेल.’

एडवर्ड रॅपापोर्ट यांनी १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अमेरिकेत हरिकेनांमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा हिशेब मांडला. त्यातले सुमारे नव्वद टक्के मृत्यू पाण्याने झालेले होते आणि एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे वादळी उधाणाने. वादळी उधाण म्हणजे एखादी उंच लाट नव्हे. वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटत राहतो आणि समुद्राची पातळीच काही तास चढलेली राहते. त्या चढलेल्या पातळीवर पुन्हा लाटा असतात, आणि त्यात भरतीची वेळ आली तर तीही मिळते. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक टन. असे पाणी दारातून आत येत नाही, भिंत घेऊन येते.

हे उधाण किती चढेल ते केवळ वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. वादळाचा घेर, त्याचा वेग, किनाऱ्याचा आकार, समुद्रतळाचा उतार हे सगळे त्यात येते. तळ उथळ असेल तर पाणी अधिक चढते. मेक्सिकोच्या आखाताचा उत्तर किनारा आणि बंगालच्या उपसागराचे टोक दोन्ही याच कारणाने घातक ठरले आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्या उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून वादळ ज्या दिशेने चालले असेल तिकडे तोंड केल्यास त्याच्या उजव्या हाताच्या किनाऱ्यावर वारा समुद्रातून जमिनीकडे येतो आणि पाणी चढते. डाव्या हाताला वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. काही किलोमीटरच्या अंतरावर एका गावात समुद्र शिरतो, तर दुसऱ्या गावात तो मागे हटतो.

अनुभव नावाचा सल्लागार

१७ ऑगस्ट १९६९ च्या रात्री कॅमिल नावाचे पाचव्या श्रेणीचे हरिकेन मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आले. पास क्रिश्चन या गावी पाणी सुमारे साडेसात मीटर चढले. त्यातून जी घरे वाचली, त्या घरांतल्या माणसांच्या मनात एक मोजपट्टी कायमची बसली की कॅमिलमध्ये इथे पाणी आले नाही, तेव्हा आता कधीच येणार नाही.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना आले. जमिनीवर येताना त्याची श्रेणी तिसरी होती. कॅमिलहून दोन पायऱ्या खाली. पण त्याचा घेर कितीतरी मोठा होता. त्याच पास क्रिश्चनच्या परिसरात पाणी साडेआठ मीटरच्या आसपास चढले. ज्या जागा छत्तीस वर्षे सुरक्षित मानल्या होत्या त्या बुडाल्या. त्या किनाऱ्यावर अजून म्हणतात की कॅमिलने १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसे मारली. पुढे २०१० मध्ये हरिकेन केंद्राने श्रेणीच्या तक्त्यातून उधाणाचे आकडेच काढून टाकले, कारण श्रेणीवरून पाण्याचा अंदाज बांधणे फसवे ठरत होते. २०१७ पासून उधाणाचा इशारा स्वतंत्रपणे दिला जातो.

आईचे ‘अठ्ठेचाळीसचं पाहिलंय’ हे वाक्य म्हणजे आमच्या घरातले कॅमिल होते. नोव्हेंबर १९४८ चे मुंबईचे वादळ आणि नोव्हेंबर २००९ चे फयान ही दोन वादळे एवढाच तिचा पुरावा. ज्याला अनुभव म्हणतो तो बहुतेक वेळा दोन-तीन उदाहरणांचा असतो, आणि सांगायला उरतात ती माणसे वाचलेली असतात.

ज्यांच्याकडे गाडी नव्हती

कॅटरिनानंतर टीव्हीवर न्यू ऑर्लिन्सच्या छपरांवर बसलेली माणसे जगाने पाहिली. ‘सांगितलं होतं तर गेले का नाहीत?’ हा प्रश्न तेव्हा आपल्याकडच्या गप्पांतही ऐकू यायचा. मीही विचारला होता.

उत्तर तारखेपासून सुरू होते. वादळ महिन्याच्या २९ तारखेला आले. महिन्याच्या मदतीवर किंवा पगारावर जगणाऱ्यांचा हात तेव्हा रिकामा असतो. पेट्रोल, मोटेलचे भाडे, वाटेतले जेवण हा खर्च कुठून करायचा? शहरातल्या सुमारे पाव कुटुंबांकडे गाडीच नव्हती. सक्तीने शहर सोडण्याचा आदेश महापौर रे नेगिन यांनी रविवारी, २८ तारखेला सकाळी दिला, आणि वादळ सोमवारी पहाटे किनाऱ्यावर आले. मधे चोवीस तासही नव्हते. तरी त्या महानगराच्या परिसरातून दहा लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. महामार्गांच्या दोन्ही बाजू बाहेर जाण्यासाठी खुल्या केल्या होत्या. गाडी असलेल्यांची सोय चांगली झाली होती. मग बांध फुटले आणि शहराचा सुमारे ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला.

लुइझियानात जे मेले त्यांपैकी जवळजवळ निम्मे पंचाहत्तर वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. हा आकडा वाचल्यापासून मी ‘गेले का नाहीत’ हा प्रश्न तसा विचारणे सोडले. त्या वयाचा माणूस बहुधा स्वतः ठरवत नसतो. त्याच्यासाठी कोणी येते किंवा येत नाही.

फ्लोरिडातले संशोधक अर्ल बेकर यांनी अनेक हरिकेनांनंतर लोकांना भेटून १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. माणूस घर सोडतो की नाही हे त्याच्या भागाला असलेला धोका, घराचा प्रकार, आपल्याच घराला धोका आहे असे त्याला वाटते का, आणि अधिकाऱ्यांनी काय केले यावर ठरते. टीव्हीवर सांगणे वेगळे आणि दारात येऊन ‘तुम्ही निघा’ म्हणणे वेगळे. भोंग्यातला ‘खाडीलगतच्या घरांतल्यांनी’ हा शब्द प्रत्येकाला शेजाऱ्यासाठी आहे असे वाटते.

निघण्याचीही किंमत असते

इथे माझ्या भाच्याची गोष्ट येते. तो ह्यूस्टनला होता. कॅटरिनाची दृश्ये ताजी असतानाच, जेमतेम साडेतीन आठवड्यांनी, रिटा नावाचे हरिकेन आखातात पाचव्या श्रेणीला पोचले. टेक्ससच्या किनाऱ्यावरून पंचवीस लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर आली. त्यांतल्या कितीतरी जणांना निघायला सांगितलेच नव्हते. त्यांची घरे उधाणाच्या पट्ट्याबाहेर होती, पण भीती पट्टा पाहत नाही. भाचाही अशाच घरात राहायचा. ह्यूस्टन ते डॅलस हा एरवी चार तासांचा रस्ता. बायको आणि सात महिन्यांची मुलगी घेऊन तो बावीस तास गाडीत होता. पेट्रोल वाचवायला एसी बंद, बाहेर कडक ऊन. ताई पेणहून दर तासाला फोन लावायची आणि तो लागायचा नाही. शेवटी त्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, वादळात मेलो असतो की नाही माहीत नाही, पण या रस्त्यावर नक्की मेलो असतो.’

तो अतिशयोक्ती करत नव्हता. रिटाच्या त्या स्थलांतरात शंभराहून अधिक माणसे मेली, उष्म्याने, अपघाताने, आजाराने. डॅलसच्या अलीकडे वृद्धाश्रमातल्या माणसांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण गेले. आणि वादळ ऐन वेळी पूर्वेला वळले. ह्यूस्टन बहुतांशी वाचले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण कॅटरिनातले. न्यू ऑर्लिन्सला लागून असलेल्या सेंट बर्नार्ड भागातल्या एका वृद्धाश्रमाच्या चालकांनी, हलवल्यास अंथरुणाला खिळलेले लोक प्रवासातच दगावतील, या भीतीने कोणाला हलवले नाही. तिथे ३५ जण बुडाले. चालकांवर खटला झाला आणि २००७ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. ही दोन उदाहरणे मी शेजारी-शेजारी ठेवतो आणि प्रत्येक वेळी गप्प होतो.

रिटाची आठवण बारा वर्षांनीही पुसली नव्हती. २०१७ मध्ये हार्वे आले तेव्हा ह्यूस्टनचे महापौर सिल्व्हेस्टर टर्नर यांनी शहर रिकामे करण्याचा आदेश दिला नाही. लाखो लोक रस्त्यावर असताना पूर आला तर अधिक हानी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर वाद झाला. पण रिटातून निघणारा धडा ‘जाऊ नका’ असा नाही. धडा असा की ज्याच्या घरात पाणी येणार नाही त्याने रस्ता अडवू नये, आणि ज्याने जायचे त्याने फार दूर जाऊ नये. शेकडो मैल पळण्याची गरज नसते. उधाणाच्या पट्ट्याबाहेर, पक्क्या घरात, दहा-वीस मैल पुरतात. यासाठीच फ्लोरिडात किनाऱ्यालगतच्या भागांना ए, बी, सी अशी पट्ट्यांची अक्षरे दिलेली आहेत. आपले अक्षर माहीत असले की अर्धा निर्णय झालेला असतो.

वेळ कुठून मोजायची

बहुतेक लोक वेळ मोजतात ती वादळ किनाऱ्यावर येण्याच्या क्षणापासून मागे. ही चूक आहे. वारा ताशी ६३ किलोमीटरपर्यंत पोचला की उंच पूल बंद होतात, बसगाड्या थांबतात, झाडे पडू लागतात. निघण्याची मुदत तिथे संपते, आणि ही वेळ केंद्र पोचण्याच्या कितीतरी तास आधी येते. म्हणून अमेरिकेत हरिकेनचा पहिला इशारा हे वारे पोचण्याच्या ४८ तास आधी आणि पक्का इशारा ३६ तास आधी देतात. आपल्या हवामान खात्याचे टप्पेही असेच आहेत. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा.

अडचण अशी की वेळ हाताशी असते तेव्हा खात्री नसते, आणि खात्री येते तेव्हा वेळ संपलेली असते. वादळाच्या मार्गाचा अंदाज १९९० च्या तुलनेत आज दुपटीहून अधिक अचूक आहे, तरी चूक राहतेच. ती दाखवायला नकाशावर पुढे रुंद होत जाणारा शंकू काढतात. अनेकांना वाटते की वादळ एवढ्याच भागात नुकसान करील. खरे तर वादळाचे केंद्र कुठे असू शकेल एवढेच तो शंकू सांगतो. तोही मागच्या पाच वर्षांतल्या चुकांवरून बेतलेला, दर तीन वेळांपैकी दोनदा बरोबर येईल असा. वारा आणि पाणी शंकूच्या बाहेरही पोचते.

सप्टेंबर २०२२ मध्ये इयान फ्लोरिडाकडे निघाले तेव्हा आधी सगळ्यांचे लक्ष टँपा शहराकडे होते. फोर्ट मायर्स हे शहर ज्या ली काउंटीत येते, तिथे निघण्याचा आदेश २७ तारखेला सकाळी निघाला, शेजारच्या काउंट्यांच्या एक दिवस नंतर. २८ तारखेला वादळ टँपाच्या दक्षिणेला, ली काउंटीतच किनाऱ्यावर आले. फोर्ट मायर्स बीच उजव्या हाताला होते, तिथे घरेच्या घरे वाहून गेली. टँपा डाव्या हाताला, तिथल्या उपसागराचे पाणी वाऱ्याने बाहेर ढकलले आणि तळ उघडा पडला. लोक त्यावर चालत गेले.

दावणीची गाय

माणूस एकटा निघत नाही. कॅटरिनात अनेकांनी घर सोडले नाही, कारण आश्रयस्थानांत कुत्र्या-मांजरांना मज्जाव होता. आपल्याला हे चोचले वाटतील, पण ज्या एकट्या म्हातारीला एक कुत्राच सोबत आहे तिच्यासाठी नव्हेत. २००६ मध्ये अमेरिकेने कायदा करून राज्यांच्या आपत्ती योजनांत पाळीव प्राण्यांची सोय सक्तीची केली.

हा धडा बंगालच्या उपसागराने फार मोठ्या किमतीत आधीच दिला होता. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसे गेली. त्यानंतर बांगलादेशात उभे राहिलेले ‘किल्ला’ म्हणजे मातीचे उंच भराव, गुरांना पाण्यावर ठेवण्यासाठी. गाय सुरक्षित असेल तर शेतकरी दावण सोडून निघतो. १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांची फळी आहे. भोंगे आणि झेंडे घेऊन ते दारोदार जातात. तरीही एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली, त्यात बायका फार. कित्येकजणी घरच्या पुरुषाची परवानगी येईपर्यंत थांबल्या होत्या, आणि आश्रयस्थानांत त्यांना वेगळी जागा नव्हती. त्यानंतर आश्रयस्थाने वाढली आणि स्वयंसेवकांत स्त्रिया आल्या.

ओडिशाचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन त्याच राज्यात गोपाळपूरला आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. मधल्या चौदा वर्षांत समुद्र बदलला नव्हता. चालत जाता येईल अशा अंतरावर निवारे झाले होते, ओळखीचा माणूस हाका मारायला येत होता, आणि तिथे गेल्यावर जेवायला मिळेल अशी खात्री झाली होती.

तीन जूननंतर

‘निसर्ग’ने ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडला. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमची कौले उडाली, पडवीचे पत्रे शेजारच्या शेतात मिळाले. तीन तास आम्ही आईला घेऊन मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. वीज कित्येक दिवस नव्हती. पण खाडीचे पाणी अंगणात आले नाही.

‘बघ, मी सांगितलं नव्हतं?’ आई म्हणाली. गावातही जे शाळेत गेले नाहीत ते शहाणे ठरले. मी मात्र रात्री नकाशा काढून बसलो. वादळ ईशान्येकडे चालले होते. आम्ही केंद्राच्या उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला पडलो. आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे गेला. आम्ही टँपा झालो होतो. तेच केंद्र थोडे उत्तरेला सरकले असते तर आम्ही उजव्या हाताला असतो, आणि खाडीपासून दीडशे पावलांवर, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला पाण्यातून नेण्याची वेळ आली असती. मुलगा न बघता रस्त्यापलीकडे धावला आणि गाडी आली नाही, म्हणून त्याचे धावणे बरोबर ठरत नाही.

माझी चूक आईचे ऐकण्यात नव्हती. शाळेतल्या गर्दीची तिची भीती त्या दिवसांत रास्तच होती. चूक ही की शाळा सोडून तिसरी जागा मी आधी शोधून ठेवली नव्हती. तोवर मी हा प्रश्न धैर्याचा किंवा अज्ञानाचा मानत आलो होतो. आता वाटते, आदल्या दिवशी आपण ठरवत नाही. कोणाकडे जायचे, कशाने जायचे, गाय-कुत्र्याचे काय, म्हाताऱ्यांचे कसे, या प्रश्नांची उत्तरे असली तर माणूस निघतो, नसली तर राहतो. मग राहण्याला तो अनुभवाचे नाव देतो.

एप्रिल २०२१ मध्ये मी एका पुठ्ठ्यावर तीन ओळी लिहून कपाटाच्या दाराला आतून लावल्या. २४ तासांचा इशारा आला की निघायचे. पेणला ताईकडे जायचे. आईची औषधे आणि कागदपत्रे निळ्या पिशवीत. आईला तेव्हाच विचारले, ऊन स्वच्छ असताना. ताईकडे जायला तिची हरकत नव्हतीच.

मे महिन्यात ‘तौक्ते’ आले. १६ तारखेला दुपारी आम्ही निघालो, तीस किलोमीटर. दोन रात्री राहिलो. परत आलो तेव्हा अंगणात फांद्या पडल्या होत्या, बाकी सगळे जागच्या जागी. ओटा चढताना आई म्हणाली, ‘उगाच नेलंस मला.’

मी होय म्हणालो. उगाच जाऊन सुखरूप परत येणे, एवढीच तर अपेक्षा होती.